हुकूम, शिक्षा आणि रखमाबाईंचा नकार

१८२६ साली लंडनमध्ये नवे विद्यापीठ निघाले आणि त्याच्या कायदेशास्त्राच्या अध्यासनावर जॉन ऑस्टिन यांची नेमणूक झाली. सफोक परगण्यातल्या गिरणीवाल्या घरातला हा मुलगा. तरुणपणी काही वर्षे सैन्यात काढलेली, पुढे वकिलीची सनद घेतलेली; पण वकिलीत जम बसला नाही. शिकवायला सुरुवात करण्याआधी ऑस्टिन जर्मनीत बॉनला जाऊन राहिले आणि तिथल्या पंडितांकडून रोमन कायद्याची मांडणी समजून घेऊन आले. त्यांच्या वर्गात जॉन स्टुअर्ट मिल येऊन बसत. मिल तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरीला होते. पण वर्ग रोडावत गेला, प्राध्यापकाची प्राप्ती विद्यार्थ्यांच्या फीवर अवलंबून होती, आणि काही वर्षांतच ऑस्टिन यांनी अध्यापन सोडले. १८३२ मध्ये त्यांनी सुरुवातीच्या व्याख्यानांचे पुस्तक काढले. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. १८५९ मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नी सारा स्वतः नावाजलेल्या अनुवादक होत्या. त्यांनी पतीची टिपणे जुळवून उरलेली व्याख्याने छापली, आणि मग इंग्रजी अमलाखाली जिथे जिथे कायदा शिकवला गेला तिथे ऑस्टिन हे नाव पहिल्या धड्यातच येऊ लागले.

त्या धड्यातली मांडणी थोडक्यात सांगता येते. कायदा म्हणजे सार्वभौमाचा हुकूम. एखाद्याने इच्छा बोलून दाखवली आणि ती मोडणाऱ्याला त्रास भोगायला लावण्याची ताकद व तयारी त्याच्यापाशी असली, की ती इच्छा हुकूम ठरते. तो त्रास म्हणजे शिक्षा. ज्याच्या डोक्यावर शिक्षा टांगलेली आहे, त्याच्यावर कर्तव्य आले. हुकूम, कर्तव्य आणि शिक्षा या ऑस्टिनच्या लेखी एकाच वस्तूच्या तीन बाजू. आणि सार्वभौम कोण? समाजातले बहुतेक लोक ज्याची आज्ञा सवयीने पाळतात, आणि जो स्वतः दुसऱ्या कुणाच्या आज्ञेत राहत नाही, तो. या व्याख्येत न बसणारे नियम कितीही आदरणीय असोत, ते खऱ्या अर्थाने कायदा नाहीत. आंतरराष्ट्रीय कायद्यालाही ऑस्टिननी बाहेर काढले. त्याला ते लोकांच्या मतावर टिकलेली नीती म्हणतात, कारण राष्ट्रांच्या डोक्यावर हुकूम देणारा कुणी बसलेला नाही.

या विचाराची बीजे टॉमस हॉब्जकडे, १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये सापडतात. जेरेमी बेंथमनी तर तो ऑस्टिनपेक्षा बारकाईने मांडला होता. शिक्षेबरोबर बक्षिसाच्या आमिषानेही कायदा चालू शकतो, हे त्यांनी मान्य केले होते. पण बेंथम यांचे ते हस्तलिखित कागदांच्या ढिगात पडून राहिले आणि १९४५ मध्ये प्रथम छापले गेले. मधली शंभर वर्षे या विचाराला ऑस्टिनचाच चेहरा मिळाला.

त्या विचारात एक सच्चेपणा आहे आणि तो आधी नोंदवायला हवा. ऑस्टिनच्या आधी इंग्रज वकिलांची पिढ्यान्‌पिढ्यांची पाठ्यपुस्तके ब्लॅकस्टोनची. ब्लॅकस्टोन सांगत की ईश्वरी नियमाविरुद्ध जाणाऱ्या मानवी कायद्याला काही बळ नाही. ऑस्टिनचे उत्तर रोखठोक होते: फाशीची शिक्षा झालेल्याने न्यायालयात हा युक्तिवाद करून पाहावा, न्यायालय त्याला फासावर चढवून युक्तिवादाची किंमत दाखवून देईल. कायदा अस्तित्वात आहे की नाही हा एक प्रश्न, तो चांगला की वाईट हा दुसरा, आणि दोन्ही वेगळे ठेवले पाहिजेत. यात सुधारकाची मोठी सोय आहे. कायदा माणसाने दिलेला हुकूम असेल तर माणूस तो बदलू शकतो. परंपरेचे किंवा देवाचे नाव पुढे करून त्याला हात लावू न देण्याचा मार्ग बंद होतो. बेंथमच्या शिष्यांनी इंग्लंडमधल्या जुनाट कायद्यांवर जे घाव घातले, त्यांमागे हीच दृष्टी होती.

तिची पहिली कसून परीक्षा मात्र भारतात झाली. सर हेन्री मेन १८६२ ते १८६९ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते. मायदेशी परतल्यावर १८७५ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत त्यांनी ऑस्टिनच्या सार्वभौमाशेजारी पंजाबचे महाराजा रणजितसिंह उभे केले. रणजितसिंहांची सत्ता निरंकुश होती. त्यांचा शब्द मोडणाऱ्याचा जीव किंवा एखादा अवयव जाऊ शकत होता. त्यांनी प्रचंड महसूल गोळा केला, मोठी फौज बाळगली. ऑस्टिनच्या कसोटीवर याहून पक्का सार्वभौम मिळणे कठीण. आणि तरीही, मेन म्हणतात, रणजितसिंहांनी आयुष्यात ऑस्टिनला अभिप्रेत असा एकही कायदा केला नाही. लोकांचे वारसे, लग्ने, जमिनीच्या वाटण्या चालत होत्या त्या परंपरागत रिवाजांवर. ते रिवाज सांगणारी घरातली वडीलधारी मंडळी आणि गावपंचायती होत्या. हे रिवाज आपल्याला बदलता येतील, हा विचारही महाराजांच्या मनाला कधी शिवला नसावा.

ऑस्टिनकडे याला उत्तर होते: सार्वभौम ज्याला मनाई करत नाही, ते त्याने मूकपणे फर्मावलेलेच असते. हे उत्तर तर्काला धरून असले तरी माणसांच्या अनुभवापासून फार दूर जाते. ज्या नियमाची राजाला माहितीही नाही आणि ज्याला हात लावण्याची त्याची छाती नाही, तो नियम राजाचा हुकूम म्हणायचा, तर ‘हुकूम’ हा शब्द रिकामा होतो.

दख्खनमध्ये याच गोष्टीला कागदोपत्री रूप आले, तेही ऑस्टिन अध्यापनाची तयारी करत होते नेमके त्याच काळात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यापुढे प्रश्न आला की या मुलखातले लोक नेमक्या कोणत्या नियमांनी चालतात. त्यांनी आर्थर स्टील या अधिकाऱ्याला ते गोळा करायला लावले. पुण्याच्या शास्त्र्यांना आणि निरनिराळ्या जातींच्या प्रमुखांना प्रश्न विचारून दत्तक, वारसा, काडीमोड, पाट यांचे रिवाज स्टीलनी टिपले आणि ते पुस्तक १८२७ मध्ये मुंबईत छापले गेले. त्याच साली मुंबई इलाख्याची रेग्युलेशने अमलात आली. त्यांतल्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशाला सांगितले: पार्लमेंटचा कायदा किंवा सरकारी रेग्युलेशन असेल तर ते लावा; नसेल तर मुलखाचा रिवाज पाहा; तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा; आणि काहीच हाती लागले नाही तर न्याय, समता व सद्सद्विवेक. जिंकून आलेली, तोफा बाळगणारी सत्ता बार्शी-जुन्नरच्या शेतकऱ्याच्या घरातला कायदा कोणता, हे त्याच्या जातीतल्या म्हाताऱ्यांना विचारत होती. कायदा सत्तेच्या आधीपासून तिथे होता.

विसाव्या शतकातली टीका अधिक ओळखीची आहे, म्हणून ती धावतीच सांगणे पुरे. ऑक्सफर्डचे एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ या पुस्तकात बँकेच्या कारकुनावर पिस्तूल रोखणारा दरोडेखोर पुढे आणला. पैसे दे नाहीतर गोळी घालतो, हा धाकाने दिलेला हुकूमच आहे. कारकुनाला पैसे देणे भाग पडते, पण पैसे देणे त्याचे कर्तव्य होते असे कुणी म्हणत नाही. हार्ट यांचे दुसरे निरीक्षण वकिलीच्या रोजच्या कामाला अधिक भिडणारे आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मृत्युपत्र करा, असा हुकूम हा नियम कुणालाच देत नाही. ज्याला आपल्या मागे मालमत्तेची व्यवस्था लावायची आहे त्याला तो वाट दाखवतो. साक्षीदार नसतील तर मृत्युपत्र निष्फळ ठरते, इतकेच. ही निष्फळता म्हणजेच शिक्षा, असे ऑस्टिनवाद्यांना म्हणावे लागते. आणि तसे म्हटले की चोराला होणारा तुरुंगवास आणि एका सहीअभावी वाया गेलेला कागद एकाच रांगेत येतात. करार, लग्न, विक्रीखत, संस्थेची नोंदणी, निवडणूक यांना लागू असणारा सगळा कायदा या जातीचा आहे.

हार्ट यांचा दरोडेखोर काल्पनिक आहे. महाराष्ट्राला कल्पनेची गरज नाही. इथे हुकूम देणाऱ्या आणि शिक्षा घडवणाऱ्या, सवयीने मानल्या जाणाऱ्या संस्था शेकडो वर्षे नांदल्या आहेत. जातपंचायत आणि कोकणातली गावकी यांची शिक्षा कशी असते ते वाळीत पडलेल्या कुटुंबाला ठाऊक असते. दुकानदार माल देत नाही, पाणवठा बंद होतो, लग्नाची बोलावणी थांबतात, घरात मयत झाली तर खांदा द्यायला कुणी येत नाही. जातीबाहेर लग्न केले, पंचांनी सांगितलेला दंड भरला नाही, भाऊबंदकीचा वाद कोर्टात नेला, एवढे कारण पुरते. ऑस्टिनच्या व्याख्येतली आज्ञा, भीती आणि सवयीचे आज्ञापालन हे तिन्ही घटक इथे सरकारी कायद्यापेक्षा जास्त ठळक आहेत. पोलीस ठाणे तालुक्याला असते. पंच शेजारच्या आळीत राहतात.

मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला. धर्मपंथाला आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा जो हक्क राज्यघटनेने दिला, त्यावर या कायद्याने घाला घातला असे न्यायालयाने ठरवले. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत वेगळे पडले. माणसाला समाजातून तोडून टाकणे ही अस्पृश्यतेसारखीच गोष्ट आहे, या दिशेने त्यांनी विचार केला. तो विचार बहुमतापेक्षा न्याय्य होता असे आज मागे वळून पाहताना म्हणावेसे वाटते. पुढे पन्नासहून अधिक वर्षे वाळीत पडलेल्यांना नेमक्या या गुन्ह्यासाठी दाद मागायला कायदा नव्हता. २०१३ मध्ये नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्याच वडिलांनी खून केला. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. वाळीत पडलेली कुटुंबे एकामागून एक बोलू लागली. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य.

इथे ऑस्टिनची बाजू पुन्हा जड होते, आणि ती तशी होऊ द्यावी. पंचांच्या धाकाखाली जगणाऱ्या बाईला सांगायचे काय, की कायद्याचे बळ समाजाच्या संमतीत असते? तिच्या गावची संमती तर पंचांच्या बाजूने आहे. तिला सरकारी शिक्षेचा धाकच हवा असतो, आणि तो जवळच्या ठाण्यात हवा असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पेचाच्या दोन्ही बाजू ओळखल्या होत्या. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त त्यांनी व्याख्यान दिले. हक्कांचे रक्षण कायद्यापेक्षा समाजाच्या नैतिक सद्‌सद्विवेकावर अवलंबून असते, आणि समाजच विरोधात उभा राहिला तर कुठलाही कायदा, संसद किंवा न्यायालय त्या हक्कांची खात्री देऊ शकत नाही, असे त्यांनी तिथे मांडले. महाडच्या तळ्याचा अनुभव त्यामागे होता. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने केलेला होता, तरी १९२७ मध्ये पाणी प्यायला गेलेल्यांनी मार खाल्ला. हेच आंबेडकर घटना समितीत मार्गदर्शक तत्त्वांची बाजू मांडायला उभे राहिले. न्यायालयात बजावता न येणाऱ्या तत्त्वांना घटनेत जागा कशाला, असा आक्षेप होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी उत्तर दिले की सत्तेवर येणाऱ्याला या तत्त्वांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. न्यायालयात नाही तरी मतदारांसमोर त्याला जाब द्यावा लागेल. अस्पृश्यतेविरुद्ध शिक्षेचा कायदा मागणारा आणि शिक्षेविना कायद्याला अर्थ आहे असे म्हणणारा माणूस एकच होता. सार्वभौमाच्या शोधात तर भारतात ऑस्टिनचा हिशोब लागतच नाही: २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सातांनी सांगितले की घटना दुरुस्त करणाऱ्या संसदेलाही घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही.

पण हुकूम आणि शिक्षा यांची सर्वांत कठोर कसोटी मुंबईतल्या एका मुलीने घेतली. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, वाचू-लिहू लागल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला: बायकोने नांदायला यावे असा हुकूम द्या. खटला चालू असताना ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहाविरुद्ध पत्रे आली. ती रखमाबाईंची होती.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हा दावाच हिंदू कायद्यातला नाही, तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून इथे आणून लावला आहे, आणि कधी एकत्र राहिलेच नाहीत अशा तरुण स्त्रीला बळजबरीने पुरुषाच्या स्वाधीन करायला कायदा मला भाग पाडत नाही, हे त्यांच्या निकालाचे सार. खटल्याच्या काळाकडेही पाहायला हवे. दादाजींनी दावा लावला त्याच साली, १८८४ मध्ये, इंग्लंडने असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकली होती. भारतातल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ती तशीच राहिली. टिळकांच्या ‘मराठा’ने पिन्ही यांच्या निकालावर टीकेची झोड उठवली, म्हणजे हिंदू धर्माच्या रक्षणासाठी लढणारे एका इंग्रजी धर्मन्यायालयाच्या उपायाची पाठराखण करत होते.

अपिलात मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी निकाल फिरवून दावा पुन्हा सुनावणीला पाठवला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास. रखमाबाईंनी सांगितले की त्या तुरुंगात जातील.

ऑस्टिनच्या यंत्राचे सगळे भाग इथे जागेवर होते. सार्वभौम होता, त्याचे न्यायालय होते, हुकूम स्पष्ट शब्दांत होता, शिक्षा संहितेत छापलेली होती. ज्या क्षणी तेवीस वर्षांच्या आतल्या एका स्त्रीने शिक्षेला हो म्हटले, त्या क्षणी सरकारची अडचण झाली. तिला तुरुंगात टाकले तर हुकूम पाळला जाणार नव्हता. दादाजींना बायको मिळणार नव्हती. आणि ज्या राज्याला सुधारलेले म्हणवून घ्यायचे होते, त्याची लाज लंडनच्या वर्तमानपत्रांत निघणार होती. शिक्षा अमलात आणण्याची ताकद होती, पण ती वापरणे परवडणारे नव्हते. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई लंडनला जाऊन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटमध्ये त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले, आणि १९५५ पर्यंत त्या जगल्या. त्या तुरुंगात गेल्या नाहीत. तुरुंगवासाची ती तरतूद मात्र १९२३ पर्यंत कायद्यात राहिली.

दावा आजही आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो नवरा-बायको दोघांनाही खुला आहे. इंग्लंडने १९७० मध्ये तो पूर्णपणे रद्द केला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने कलम ९ घटनाबाह्य ठरवले: कुणाबरोबर राहायचे, मूल होऊ द्यायचे की नाही, हे राज्याच्या हुकमाने ठरवता येणार नाही. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज रानी खटल्यात हे मत नाकारले. त्यामागचे एक कारण असे की हुकूम मोडणाऱ्याची फक्त मालमत्ता जप्त होऊ शकते, त्याला कुणी ओढून नेत नाही. हुकमाचे समर्थन करण्यासाठी न्यायालयाला त्याच्या शिक्षेच्या मवाळपणाचा आधार घ्यावा लागला.

आणि कौटुंबिक न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांना कलम ९ चा आणखी एक उपयोग नीट माहीत असतो. याच कायद्याच्या कलम १३ (१-अ) नुसार असा हुकूम झाल्यानंतर वर्षभर नवरा-बायको एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतो. म्हणून एकत्र राहण्याचा हुकूम मागणाऱ्या अर्जांत एक जात अशी असते की अर्जदाराला एकत्र राहायचेच नसते. हुकूम मिळावा, तो वर्षभर मोडला जावा आणि सुटकेचा रस्ता उघडावा, यासाठी तो अर्ज केलेला असतो. कधी असा अर्ज पोटगीच्या दाव्याला उत्तर म्हणून येतो: मी तिला नांदवायला तयार आहे, तीच येत नाही. पोटगी मागणारी स्त्री त्या कागदामुळे पुन्हा एकदा आपण घरी का जात नाही याचा खुलासा न्यायाधीशापुढे करत उभी राहते.